पांढरे पडलेले भात

आमच्या निर्णा परिसरात भाताचे शेत क्वचितच. येथला सारा संसार तूर, सोयाबीन नि जोंधळ्याचा. तरी तणनाशकाचा पक्षपात येथील शेतकऱ्यास पुरता ठाऊक आहे. उसावर फवारलेले 'टू-फोर-डी' वाऱ्याने शेजारच्या तुरीवर गेले की ऊस उभा राहतो, तुरीचे शेंडे मात्र मुरडतात. ऊस गवताच्या कुळातला, तूर रुंद पानांची, असे वर्गात समजावता येते. पण दोन्हीकडे भातच असेल, औषधही एकच, आणि एक वाण हिरवे राहून दुसरे मरत असेल तर?

जपानात तसेच घडले. बेंझोबायसायक्लॉन हे तणनाशक तेथील नेहमीच्या भाताला बाधत नसे. परंतु अधिक उत्पन्नाच्या काही नव्या वाणांची पाने त्याने पांढरीफटक पडून रोपे मरू लागली. २०१९ साली जपानी संशोधकांनी त्याचे मूळ प्रसिद्ध केले. भातातील 'हिस-१' या जनुकाच्या आज्ञेने एक विकर तयार होते व ते या विषाचे रूप पालटून त्यास निरुपद्रवी करते. बळी पडलेल्या वाणांत हेच जनुक मोडके होते. वंशावळ मागे नेता ते व्यंग इंडोनेशियाच्या 'पेटा' या भातापाशी पोचले. हाच पेटा १९६६ मधील सुप्रसिद्ध 'आयआर-८'चा एक जनक! ज्या वंशाने आशियाची कोठारे भरली, त्यातूनच हे दुखणेही निमूटपणे चालत आले. ते औषध नव्हते तोवर कोणास दिसणार तरी कसे?

मात्र व्यंग म्हणजे निव्वळ तोटा, असे म्हणण्याची घाई नको. जपानातच 'नोरिन-८' भातावर गॅमा किरणांचा मारा करून, बेंटाझोनने मरणारे रोप मिळविले गेले. संकरित बियाण्यासाठी मादी वाण नरवंध्य लागते. उष्ण हवेत वंध्य राहणारी काही वाणे थंडी पडताच स्वतःचेच परागण करतात आणि शेतकऱ्याच्या पिशवीत भेसळ शिरते. मादी वाणात हे व्यंग असेल तर एक फवारा पुरतो : स्वपरागित रोपे मरतात, खऱ्या संकराला पित्याकडून धड जनुक मिळालेले असते, तो तगतो. मेंडेलचे वाटाणे शिकविताना मी आता हाच दाखला देतो.

भारतात वाट उलटी धरली गेली. दिल्लीच्या पुसा संस्थेने २०२१ मध्ये 'पुसा बासमती १९७९' व '१९८५' ही इमाझेथापायर सोसणारी वाणे दिली. त्यांच्यातही उत्परिवर्तनच आहे, परके जनुक नाही. हे औषध आमच्याकडे सोयाबीनवर फवारतात. साध्या बासमतीवर तेच पडले तर पीक जाते, आणि दोन्ही बियाणी तळहातावर घेतली तर डोळ्यांना भेद दिसत नाही. तो कळतो फवारणीनंतर, शेतातच.