तापाच्या तारखेचा रकाना

डोंबिवलीतल्या एखाद्या दवाखान्यात भाद्रपदात तापाचा रोगी येतो, त्याच्या दंडातून रक्त काढले जाते, नळीवर चिठ्ठी डकवली जाते आणि ती बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे रवाना होते. एवढे पाहून ठाणे-कल्याणच्या सुशिक्षित गृहस्थाचाही असा ग्रह होतो, की संशोधन काय ते पुण्यामुंबईस चालते आणि आपल्या वाट्यास केवळ पोचवणीचे काम येते.

हा ग्रह निराधार आहे. डेंग्यूची प्रतिपिंडे रक्तात सामान्यतः तापाच्या पाचव्या दिवसाच्या सुमारास सापडू लागतात. तत्पूर्वी विषाणूचे एनएस-वन हे प्रथिन शोधावे लागते. सबब नमुन्यासोबतच्या पत्रकावरील ‘ताप केव्हापासून’ हा रकाना कोरा राहिला, तर निष्णात शास्त्रज्ञासही ‘दोष नाही’ या अहवालाचा अर्थ खात्रीने लावता येत नाही. ती तारीख विचारून लिहिणारी परिचारिका संशोधनातच सहभागी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा समज असा, की संस्थांचे जाळे म्हणजे वरून हुकूम आणि खालून नमुने. वस्तुतः पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था डेंग्यू-तपासणीचे संच स्वतः तयार करून देशभरच्या निवडक रुग्णालयांस पुरवते, आणि सर्वत्र एकच संच वापरल्यामुळेच एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्याशेजारी मांडता येतो. 2020च्या जानेवारीत, प्रारंभी, करोनाची तपासणी देशात केवळ पुण्यास होत असे. 2013पासून उभारलेल्या विषाणू प्रयोगशाळांचे जाळे हाताशी होते म्हणूनच ती काही आठवड्यांत राज्योराज्यी पोचली.

परकीय द्रव्याविना हे चालत नाही, असेही म्हटले जाते. पुण्याची संस्था 1952मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने निघाली हे खरे. परंतु 1967मध्ये ते साहाय्य थांबल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिचा भार उचलला.

आणि भव्य इमारतीवाचून संशोधन नाही, ही समजूत तर बार्शीने 1987मध्येच खोटी ठरवली: तेथील ग्रामीण कर्करोग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रोगी शोधीत व नोंदी करीत. 2014पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या डहाणूसही आज मुंबईतल्या परळच्या एका संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र चालते. कळव्यास 1992पासून महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसे आहेत, दप्तरे आहेत. माझी मागणी एवढीच, की रकान्यात तारीख भरणाऱ्या त्या परिचारिकेस वर्षअखेरीस आपल्या प्रभागाच्या तापाचा तक्ता पाहावयास मिळावा, आणि त्यावर तिला काय वाटते हे कोणीतरी तिला विचारावे.