सातमाशी बाळ आणि दुधाचे नाते

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्यातले जगत नाही, असे आपल्या घरांतल्या नानी-दादी अजूनही सांगतात. कुर्ला असो की जोगेश्वरी, हा समज सगळीकडे आहे. वैद्यकशास्त्राचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाला बळ देतो. म्हणून आठव्या महिन्यातल्या बाळाची आशा सातव्यातल्या बाळापेक्षा जास्तच असते, आणि योग्य काळजी मिळाली तर आज दोघेही जगतात.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टर अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. 2020 साली जगात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे जन्मली. त्यांपैकी जवळपास 30 लाख एकट्या भारतातली होती. हा आकडा जगात सर्वांत मोठा आहे. तेव्हा हा प्रश्न कुणा एका दुर्दैवी घराचा नाही.

आपल्या आलिमांनाही हा विषय नवा नव्हता. सूरह अल-अहकाफच्या 15 व्या आयतीत गर्भ आणि दूध सोडवणे यांचा मिळून काळ तीस महिने सांगितला आहे आणि सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे आहे. तिसातून चोवीस वजा केले की सहा महिने उरतात. यावरूनच गर्भाची कमीत कमी मुदत सहा महिने धरली गेली. म्हणजे सहा-सात महिन्यांचे बाळही पूर्ण हक्काचे बाळ आहे. त्याच्या हक्कांतला पहिला हक्क दुधाचा.

थेंबाथेंबाचे मोल

अशा बाळाची फुप्फुसे कच्ची असतात, अंगात चरबी नसल्याने ते लवकर गार पडते आणि आतडी नाजूक असतात. साधारण चौतीस आठवड्यांपर्यंत त्याला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ नीट साधत नाही. म्हणून त्याला नळीने थेंबथेंब दूध देतात. ते दूध कोणते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. डब्यातल्या पावडरीच्या दुधावर ठेवलेल्या अशा बाळांमध्ये आतडी सडण्याचा जीवघेणा आजार आईच्या दुधावरील बाळांपेक्षा बराच जास्त आढळतो. स्वतःच्या आईचे दूध नसेल आणि दुसऱ्या मातेचे निर्जंतुक केलेले दूध मिळाले, तरी पावडरीच्या तुलनेत हा धोका सुमारे निम्मा होतो. हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

मुंबईने हे फार आधी ओळखले. महापालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांच्या तज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 च्या नोव्हेंबरमध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली. ही आशियातली पहिली पेढी मानली जाते. धारावी, कुर्ला, घाटकोपर, मानखुर्द अशा वस्त्यांतून शीवला येणाऱ्या गरीब बाळांच्या जिवावर उठणारा मोठा शत्रू जंतुसंसर्ग होता आणि मातेचे दूध हे त्यावरचे सर्वांत स्वस्त, सर्वांत खात्रीचे औषध होते.

पेढीचे काम सोपे आहे. ज्या बाळंतिणीला आपल्या बाळाला पुरून जादा दूध येते, ती स्वखुशीने ते देते. तिच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. दूध 62.5 अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून, गार करून गोठवतात. पुन्हा जंतूंची तपासणी करून गरजू बाळाला देतात. साधारणपणे अनेक मातांचे दूध एकत्र केले जाते. आपल्या घरांसाठी प्रश्न उभा राहतो तो इथेच.

दुधाचे नाते

हजरत हलीमा सादिया (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना दूध पाजले, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. दुसरीचे दूध पाजणे इस्लामला अमान्य नाही. पण त्यातून रजाअतचे, म्हणजे दुधाचे नाते तयार होते. पाजणारी दूधआई होते, तिची मुले दूधभाऊ-दूधबहिणी होतात आणि त्यांच्यात निकाह होऊ शकत नाही. मग पेढीतले दूध कुणाचे, हे माहीत नसेल तर?

यावर आलिमांचे एकमत नाही. हनफी मतानुसार दूध पिण्याच्या वयात थोडेसे दूध पोटात गेले तरी नाते ठरते. शाफई मतानुसार वेगवेगळ्या वेळी पाच वेळा पाजणे लागते. मुंबईत हा फरक महत्त्वाचा आहे. कारण आपल्या कोकणी घरांत शाफई मसलक चालतो आणि शेजारच्या बहुतेक घरांत हनफी. 1985 साली जिद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मुस्लिम देशांत अशा पेढ्या काढू नयेत, असा निर्णय दिला. उलट डॉ. यूसुफ अल-करजावी यांचे मत असे की, थेट स्तनातून न पाजलेल्या, अनेकींच्या मिसळलेल्या दुधाने नाते ठरत नाही, म्हणून गरजेला पेढीचे दूध चालते. युरोपमधील फतवा परिषदेनेही अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी हीच सवलत दिली. 2019 मध्ये ढाक्यात पेढीची तयारी झाली होती, पण याच प्रश्नावरून ती थांबली.

यातले कोणते मत पाळायचे, हे आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारूनच ठरवावे. पण तो प्रश्न कधी विचारायचा, हे मात्र आपल्या हातात आहे. बाळ काचेच्या पेटीत, आई भुलीत, डॉक्टर सहीसाठी कागद पुढे करताहेत, अशा वेळी रात्री दोन वाजता अब्बा कुणाला फोन करणार? मग घाबरून पेढीच्या दुधाला नकार दिला जातो आणि पावडरीला होकार. ज्या बाळासाठी सगळे चालले आहे, त्याचाच त्यात तोटा होतो. जोखमीचे बाळंतपण असेल, पोटात जुळी असतील, आईचा रक्तदाब वाढलेला असेल, तर सातवा लागण्यापूर्वीच हे विचारून ठेवा.

आधी आईचे स्वतःचे दूध

बहुतेक वेळा हा पेच टाळता येतो, कारण पहिला उपाय खुद्द आईच असते. बाळ चोखत नसले तरी जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने किंवा पंपाने दूध काढायला सुरुवात करावी आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा काढत राहावे. पहिले पिवळसर चिकाचे दूध चमचाभरच येते, पण तेच सर्वांत मोलाचे. ते ‘खराब’ म्हणून फेकू नये. घुट्टी आणि मध देऊ नये. मध तर वर्ष होईपर्यंत नकोच. तहनीक करायची असेल तर डॉक्टर तोंडाने द्यायला परवानगी देतील तेव्हाच करावी.

आईचे दूध कमीच पडत असेल तर ओळखीची दाती शोधता येते. पण खाला, मामी किंवा चाची यांचे दूध घेतले तर त्यांच्या मुलांशी दुधाचे नाते जुळते. आपल्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात, म्हणून नाव, तारीख आणि किती वेळा पाजले, हे लिहून दोन्ही घरांनी जपून ठेवावे. असे दूधही तपासणीशिवाय आणि डॉक्टरांना न सांगता देऊ नये.

चाळीस दिवसांचा अडसर

दूध टिकवायचे तर आई बाळाजवळ हवी. इथे आपलेच रिवाज आडवे येतात. चाळीस दिवस बाहेर पडायचे नाही म्हणून आई घरी आणि बाळ रुग्णालयात, असे घडते. निफासच्या काळात नमाज आणि रोजा यांची सूट आहे. बाळाला जवळ घेण्याची मनाई कुठेही नाही.

1978 साली कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एदगार रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. पूर्वी ती बाळ स्थिरावल्यावरच सुरू करत. मग भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने मोठा अभ्यास झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते 1.8 किलोपर्यंतच्या बाळांना जन्मताच आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2022 मध्ये संघटनेने आपली शिफारसच बदलली. आई थकली तर अब्बा, नानी, दादी यांनीही बाळाला छातीशी घ्यावे. पडद्याची सोय हवी असेल तर सिस्टरांकडे निःसंकोच मागावी.

घरी आल्यावर

दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तज्ज्ञांकडून तपासलेच पाहिजेत. डोळ्यांतील पडद्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि उशीर झाला तर नजर जाते. कानांचीही तपासणी करून घ्यावी. बाळाचे बसणे-चालणे मोजताना लवकर जन्मलेले आठवडे वयातून वजा करावेत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांची सरासरी बुद्धिमत्ता इतर मुलांपेक्षा थोडी कमी, तरी सर्वसाधारण मर्यादेतच होती. अडचण दिसली ती लेखनात आणि गणितात. वर्गात असे मूल ‘आळशी’ ठरते. बेरजेत हातचा विसरते, फळ्यावरचे उतरवताना मागे पडते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच बाळ किती आठवड्यांचे जन्मले, हे शिक्षकांना सांगावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सांगितले तर मदत वेळेवर मिळते.

17 नोव्हेंबर हा जगभर या बाळांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात आपल्या मोहल्ल्यातील जमातीने एका बालरोगतज्ज्ञाला आणि एका मुफ्तींना एकत्र बोलावून तासभर बहिणींच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला सांगितले, तर कुण्या घरातल्या सातमाशी बाळाला त्याचे दूध वेळेवर मिळेल, इन्शाअल्लाह.