खुर्चीला मोटर जोडली, तेव्हा

श्रोतेहो, मद्रासच्या आय. आय. टी.त घडलेली ‘निओबोल्ट’ ही मोटरजोडणी २०२१ साली आली. ती चाकांच्या खुर्चीपुढे बसवली, की पुढची लहान चाके उचलली जातात आणि खुर्ची तीनचाकी होते. मुरमात ती लहान चाके मग रुतत नाहीत; पण तीनचाकी भर वेगात वळवली, तर कलंडते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करा. उतार तिरपा कापू नका. चढावर भार मागे जातो, मोटरचे पुढचे चाक जागीच फिरू लागते. तेव्हा अंग पुढे झुकवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलवाटेवर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोटर फारसा आवाज करीत नाही, जनावराला तुमची चाहूल लागत नाही. घंटी वाजवीत चला, दिवेलागणीपूर्वी घर गाठा. आणि गुरुजी, पहिला सराव शाळेच्या मैदानावरच करून घ्या बरे!