बर्कचें ब्रिस्टल येथील भाषण : उपक्रम आणि उपसंहार

लोकनियुक्त प्रतिनिधीनें स्वतःच्या विवेकास अनुसरावें कीं मतदारांच्या इच्छेस, हा वाद निघाला म्हणजे एडमंड बर्कच्या एका भाषणाचा दाखला बहुधा दिला जातो. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगामुळें (इ. स. १७८८–९५) हा वक्ता आपल्याकडील अभ्यासकांस परिचित आहेच. परंतु तेवढाच उतारा घेऊन पुढील कागद न पाहणें म्हणजे पोथीचें पहिलें पान वाचून ग्रंथाचें तात्पर्य सांगणें होय. मीमांसक तात्पर्यनिर्णय करितांना उपक्रम व उपसंहार एकत्र पाहतात. तोच नियम येथें लाविला पाहिजे.

उपक्रम ३ नोव्हेंबर १७७४ चा. ब्रिस्टल या व्यापारी बंदरांतून बर्क व हेन्री क्रूगर हे दोघे निवडून आले. प्रतिनिधीस आज्ञा देण्याचा मतदारांस अधिकार आहे, असें क्रूगरनें मान्य केलें. बर्कनें तें नाकारलें. मतदारांच्या मतास प्रतिनिधीनें मोठा मान द्यावा, त्यांच्यासाठीं स्वतःचें सुख वेचावें. परंतु निर्णयबुद्धि कोणासही वाहूं नये, कारण पार्लमेंट ही परस्परविरोधी हितसंबंधांच्या वकिलांची बैठक नसून एका राष्ट्राची विचारसभा आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय.

पुढें कसोटीची वेळ आली. इ. स. १७७८ मध्यें आयर्लंडच्या व्यापारावरील निर्बंध शिथिल करण्यास त्यानें पाठिंबा दिला. ब्रिस्टलचे व्यापारी रुष्ट झाले. कॅथलिकांवरील जाचक कायदे सैल करण्याच्या बाजूसही तो होता. ६ सप्टेंबर १७८० रोजीं मतदारांसमोर उभें राहून त्यानें आपल्यावरील आक्षेपांचा एकेक करून जबाब दिला. भूमिका मात्र सोडली नाहीं. यशाची आशा दिसेना, तेव्हां ९ सप्टेंबर रोजीं त्यानें उमेदवारी मागें घेतली. हा उपसंहार.

दोन्ही मिळून सिद्धांत असा निघतो कीं, निर्णय प्रतिनिधीचा खरा. परंतु त्याचा हिशेब मतदारांपुढें देणें व त्यांचा निकाल मान्य करणें हेंही त्याचेंच कर्तव्य.

यास एक पुरवणी जोडणें अवश्य आहे. त्यानंतर बर्क मॉल्टन येथून निवडला गेला. तेथें मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम या उमरावाचा शब्द चाले. हेस्टिंग्जवरील महाभियोग त्यानें मॉल्टनचा प्रतिनिधि म्हणूनच चालविला. म्हणजे जनमतापासून मोकळ्या झालेल्या बुद्धीस आश्रयदात्याचा आधार लागलाच. भारतांतही इ. स. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीपासून पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊं शकतें. यास्तव विवेक कीं जनमत, असे दोनच पक्ष मांडून हा वाद मिटत नाहीं. तिसरा धनी कोण, हेंही विचारलें पाहिजे.