झोपलेलं सर्किट किती करंट खातं?

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी पाण्याचं तापमान नोंदवणारा सेन्सर वर्षभर बॅटरीवर चालवायचाय? मग आधी त्याचा झोपेतला करंट मोजा.

ईएसपी३२ चिप डीप स्लीपमध्ये साधारण १० मायक्रोअँपिअर घेते. वायफाय सुरू झालं की शंभरेक मिलीअँपिअर किंवा जास्तच. साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये आत साधारण १०० ओहमचा रेझिस्टर असतो. त्यातून १०० मिलीअँपिअर जायला १० व्होल्ट लागतील! ३.३ व्होल्टचा बोर्ड लगेच रिसेट होतो.

✅ जुगाड: बॅटरीच्या प्लस वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, त्याला समांतर जंपर. बोर्ड झोपला की जंपर काढा, रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. १ मिलीव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. बोर्ड जागा व्हायच्या आत जंपर परत लावा.

⚠️ रीडिंग मिलीअँपिअरमध्ये गेलं तर आधी बोर्डावरचा पॉवर एलईडी बघा. तो २ मिलीअँपिअर घेत असेल, तर २००० एमएएचची बॅटरी जेमतेम ४२ दिवस पुरते.

🌡️ तापमान वाढलं की चिपचा लीकेज करंटही वाढतो. म्हणून एसीच्या खोलीतल्या आकड्यावर विसंबू नका. रायपूरच्या मे महिन्यातल्या भर दुपारी पुन्हा मोजा.

तुमच्या बोर्डाचं रीडिंग किती आलं?