गुलमर्गला स्कीइंगला जाताय? आधी बर्फाचा अंदाज वाचायला शिका

गुलमर्गचा बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांमुळे. पश्चिमेकडून ओलावा घेऊन आलेली ही वादळं पीर पंजाल पर्वतरांगेला अडली की बर्फ पडतो. म्हणून अंदाजात पुढचा विक्षोभ कधी येतोय, हे आधी बघा.

🏔️ मोबाइलवरचं तापमान बहुधा गावाचं असतं, म्हणजे सुमारे २,६५० मीटरवरचं. गोंडोला या रोपवेचा दुसरा टप्पा जवळपास ३,९५० मीटरवर पोहोचतो. तिथे साधारण ८ अंश जास्त थंडी धरा. खाली पाऊस असेल, तेव्हा वर बर्फ असू शकतो.

💨 वाऱ्याचा वेग नक्की पाहा. जोराच्या वाऱ्यात वरचा टप्पा बंद ठेवतात.

📅 जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ सहसा उत्तम, पण खात्री नाही. जानेवारी २०२४ मध्ये उतार जवळजवळ उघडे होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला भाग मार्चवर गेला.

⚠️ ताज्या हिमवर्षावानंतर अफरवट शिखराच्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. सूचना वाचा, स्थानिक गाइड घ्या आणि आखलेल्या हद्दीबाहेर एकट्याने अजिबात जाऊ नका.

नवशिक्यांनो, गावाजवळचे सौम्य उतारच शिकायला सगळ्यात छान!