जालना जिल्ह्यातून रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण : अंकीय कॅमेऱ्याने प्रारंभ कसा करावा

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. त्या वेळी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून ग्रहणाची व वर्णपटाची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडीही त्याच गावी उतरली होती. जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होते. आणि त्या राज्यातही आकाशाचे छायाचित्रण फार मागे राहिले नाही. साऱ्या आकाशाची छायाचित्रांवरून सूची करण्याचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम त्या काळी चालला होता, त्यातील दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने पूर्ण केला. या पट्ट्याचा मध्य जालन्याहून पाहिल्यास याम्योत्तर वृत्तावर सुमारे ५० अंश उंचीवर येतो. म्हणजे ज्या आकाशाचे मापन हैदराबादेत काचेच्या प्लेटांवर झाले, तेच आकाश जालना जिल्ह्यातील कोणत्याही शेताच्या बांधावरून सुखाने दिसते.

काचेच्या प्लेटेवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एकदोन कण उपयोगी पडत. शिवाय प्रकाश मंद असला की प्लेटेची ग्रहणशक्ती प्रकाशनकाल वाढेल तशी घटत जाई. अंकीय कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक अनुकूल रंगात सुमारे निम्मे प्रकाशकण टिपतो आणि त्याचा प्रतिसाद प्रकाशाच्या सम प्रमाणात राहतो. हा दुसरा गुण संशोधकाच्या दृष्टीने पहिल्यापेक्षाही मोलाचा होय. सम प्रमाण असल्यामुळेच चित्रांची बेरीज-वजाबाकी करता येते व चित्रावरून ताऱ्याची प्रत मोजता येते. विभागाजवळ दुर्बीण नसली तरी एखाद्या विद्यार्थ्याजवळचा अदलाबदलीच्या लेन्सचा साधा कॅमेरा, एक भक्कम ट्रायपॉड आणि अंधारी रात्र एवढ्या सामग्रीवर अभ्यासास प्रारंभ करता येतो.

पहिला प्रश्न प्रकाशनकालाचा. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्तावरील तारा दर सेकंदास १५ विकला सरकतो. कॅमेरा स्थिर असल्याने ताऱ्याचा बिंदू लांबत जाऊन रेघ होते. छायाचित्रकारांत पाचशेचा नियम म्हणून एक ठोकताळा रूढ आहे : ५०० या संख्येस लेन्सच्या केंद्रांतराने भागावे, म्हणजे सेकंद मिळतात. हा नियम ३६ मिलिमीटर रुंदीच्या पूर्ण चौकटीच्या संवेदकासाठी आहे. सामान्य कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे दीडपट लहान असतो, म्हणून १८ मिलिमीटरची लेन्स २७ मिलिमीटरची धरावी लागते व उत्तर साडेअठरा सेकंद येते. नियम सोपा आहे, पण तो चित्र लहान आकारात पाहण्याच्या काळातला आहे. संवेदकावरील एका चित्रकणाची रुंदी ४ मायक्रॉन धरली, तर १८ मिलिमीटर केंद्रांतराच्या लेन्समागे एक चित्रकण आकाशातील सुमारे ४६ विकला व्यापतो. तारा तेवढे अंतर तीन सेकंदांत ओलांडतो; साडेअठरा सेकंदांत त्याची सहा चित्रकणांची रेघ होते. भिंतीवर लावायच्या चित्रास ती खुपणार नाही, मोजमापास मात्र खुपेल. मापनासाठी काल निम्म्याहून कमी ठेवावा. तसेच ताऱ्याचा वेग क्रांतीच्या कोज्येच्या प्रमाणात कमी होतो हेही हिशेबात धरावे. ६० अंश क्रांतीवरील शर्मिष्ठेच्या ताऱ्यांना दुप्पट काल देता येतो. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांना, ते विषुववृत्तालगत असल्याने, कसलीही सवलत नाही.

दुसरा प्रश्न लेन्सचा. येथे नवशिक्याची समजूत बहुधा चुकते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८ मिलिमीटरची लेन्स एफ ३.५ वर उघडली असता तिचे छिद्र सुमारे ५ मिलिमीटर असते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेतल्यास तेच सुमारे २८ मिलिमीटर होते. तारा हा बिंदुरूप असल्याने त्याचा गोळा होणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, आणि ही दोन क्षेत्रफळे एकमेकांच्या २९ पट आहेत. लांब केंद्रांतरामुळे प्रकाशनकाल साडेअठरावरून पावणेसात सेकंदांपर्यंत खाली आणावा लागतो हे खरे. तरी एका चित्रात प्रत्येक ताऱ्याचा सुमारे दहापट प्रकाश पदरी पडतो. पार्श्वभूमीच्या आकाशाची उजळी मात्र एफ अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे पावणेचारपटच वाढते, आणि प्रकाशनकाल धरला तर ती जवळजवळ वाढतच नाही. आकाशगंगेचा विस्तृत देखावा हवा असेल तर १८ मिलिमीटरला पर्याय नाही. पण तारे, कृत्तिकांचा पुंज, मृगातील तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका यांसाठी बाजारात स्वस्तात मिळणारी ५० मिलिमीटरची लेन्सच अधिक फलदायी ठरते.

बाकीची जुळवाजुळव थोडक्यात सांगता येईल. आयएसओ म्हणजे संवेदकाची संवेदनशीलता नव्हे. ती केवळ टिपलेल्या संकेताची वर्धनमात्रा होय. अंधाऱ्या जागी १६०० ते ३२०० पुरे. चित्र रॉ स्वरूपात साठवावे, कारण त्यात बहुधा १४ अंकस्थानांची, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची नोंद राहते. जेपेगमध्ये २५६ उरतात आणि कॅमेऱ्याने परस्पर केलेले फेरफार कायमचे होतात. स्वयंचलित फोकस अंधारात निरुपयोगी असतो व लेन्सवरील अनंताची खूण विश्वासार्ह नसते. व्याध किंवा अगस्त्य यांसारखा तेजस्वी तारा पडद्यावर दहापट मोठा करून, तो लहानात लहान दिसेल तेथे फोकसचे कडे थांबवावे आणि चिकटपट्टीने जखडून टाकावे. कंपन टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्समधील स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद ठेवावे. एवढे झाल्यावर एक चाचणी चित्र घेऊन त्याचा आलेख पाहावा. पार्श्वभूमीचा उंचवटा डाव्या कडेला चिकटलेला नसावा, तसाच मध्यापलीकडेही गेलेला नसावा.

आता खास या जिल्ह्याची गोष्ट. जालना शहराचे अक्षांश १९ अंश ५० कलांच्या आसपास आहेत. म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंश उंचीवर राहतो आणि सप्तर्षी, जे युरोपात कधीच मावळत नाहीत, ते येथे मावळतात. ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषांची जी चित्रे परदेशी पुस्तकांत दिसतात त्यांतील अखंड वर्तुळे येथून फार लहान मिळतात. याची भरपाई दक्षिणेकडे होते. आकाशगंगेचे केंद्र दक्षिण क्रांती २९ अंशांवर आहे. लंडनहून ते साडेनऊ अंशांपेक्षा वर येत नाही, जालन्याहून मात्र ४१ अंश चढते. अगस्त्य साडेसतरा अंशांवर येतो. त्रिशंकूचा सर्वांत तेजस्वी व दक्षिणेकडील तारा केवळ सात अंशांवर येत असल्याने त्याचा प्रकाश डोक्यावरच्या वातावरणाच्या साडेसातपटींहून अधिक जाडी ओलांडून येतो, तरी उघड्या माळावरून तो टिपता येतो.

परंतु नेमक्या याच वैभवाच्या आड पावसाळा येतो. आकाशगंगेचे केंद्र मध्यरात्री याम्योत्तरावर येते ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा मराठवाड्यात ढग असतात, निदान असावेत अशी सर्वांचीच इच्छा असते. म्हणून छायाचित्रकारास दोन अरुंद फटींतून काम साधावे लागते. पहिली मार्च ते मे. मार्चअखेर केंद्र रात्री साडेबाराच्या सुमारास उगवते व पहाटे तीन ते पाच हा उत्तम काळ असतो. मेच्या मध्यास ते पावणेतीनच्या सुमारास याम्योत्तरावर पोचते. दुसरी फट ऑक्टोबरची. महिन्याच्या मध्यास संधिप्रकाश सव्वासातच्या सुमारास संपतो व केंद्र दहाच्या आत मावळते. वेळ अडीच तासांचा, पण पावसाने धुतलेली हवा मेच्या धुळकट हवेपेक्षा कितीतरी पारदर्शक असते. चंद्राचा हिशेबही यावरून बदलतो. अमावास्या सर्वांस ठाऊक आहे. तथापि पहाटेच्या कामास शुक्ल पक्षाचा पहिला आठवडाही तितकाच चांगला, कारण चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्याआधी मावळून जातो. ऑक्टोबरच्या संध्याकाळी याच्या उलट कृष्ण पंचमीनंतरचे दिवस धरावेत. भिंतीवरची दिनदर्शिका एवढ्या कामास पुरते.

स्थळाची निवड हा या विषयाचा कठीण भाग आहे. शहराच्या दिव्यांची आभा अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होते, असा वॉकर यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील निरीक्षणांवरून मांडलेला नियम आहे. २० किलोमीटरवरून ५० किलोमीटरवर गेल्यास आभा दहाव्या हिश्श्यावर येते. २०११ च्या जनगणनेनुसार जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार आणि छत्रपती संभाजीनगरची ११ लाख ७५ हजार. म्हणजे पहिल्याची ५० किलोमीटरवरची आभा दुसऱ्याच्या ८८ किलोमीटरवरच्या आभेइतकी धरता येईल. घनसावंगी तालुक्यातील गोदाकाठ दोन्ही शहरांपासून जवळजवळ याच अंतरांवर आहे. महत्त्वाचे हे की ही शहरे तेथून उत्तर व वायव्य दिशांना पडतात आणि आकाशगंगेचे केंद्र दक्षिणेस असते. बीड व माजलगाव त्या बाजूस आहेत, पण ती तुलनेने लहान. याउलट ध्रुवाभोवतीच्या रेषा घ्यावयाच्या तर भोकरदन किंवा जाफराबादच्या उत्तर भागात जावे, म्हणजे शहर पाठीशी राहते. मंठा तालुका दोहोंपासून दूर आहे खरा, पण तेथे आग्नेयेस परभणी येते. हा सारा हिशेब लोकसंख्येवर उभा आहे आणि जालन्यात पोलादाचे कारखाने रात्रीही चालतात हे त्यात धरलेले नाही. म्हणून गणिताचे उत्तर प्रत्यक्ष चित्राने तपासून पाहणे अटळ आहे.

दिव्यांचा प्रकारही बदलला आहे. जुना सोडियमचा दिवा आपला बहुतेक प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास देत असे, आणि योग्य गाळणीने त्यातला बराचसा अडवता येत असे. पांढऱ्या एलईडी दिव्यात ४५० नॅनोमीटरजवळ निळ्या प्रकाशाचा उंचवटा असतो. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या नियमाने हवेचे रेणू तो प्रकाश सुमारे तिप्पट विखुरतात, आणि उरलेला प्रकाश साऱ्या वर्णपटावर पसरलेला असल्याने गाळणीही फारशी चालत नाही. विजेची बचत झाली, आकाशाची झाली नाही. दिवा कोठे वळवला आहे यावर मात्र पुष्कळ अवलंबून असते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, त्यापूर्वी लगतच्या गावांतील रस्त्यांचे दिवे खाली प्रकाश टाकणारे बसविण्यात आले होते.

पार्श्वभूमीची उजळी नंतर संगणकावर वजा करता येते, मग एवढी चिंता कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर असे की, वजाबाकीने सरासरी उजळी जाते, तिच्यातील यदृच्छ चढउतार जात नाही. हा चढउतार प्रकाशकणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो व चित्रात दाणेदार गढूळता म्हणून दिसतो. एकाच क्षेत्राची ३६ चित्रे जुळवून सरासरी काढली तर संकेताची स्पष्टता सहापट वाढते. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या विनामूल्य प्रणालींनी हे काम होते. मंद तेजोमेघाच्या बाबतीत आकाशाची उजळी पाचपट झाली तर तेवढ्याच स्पष्टतेसाठी पाचपट चित्रे लागतात : गोदाकाठी जे काम एका तासाचे, ते शहरालगत पाच तासांचे, म्हणजे जवळजवळ साऱ्या रात्रीचे.

उष्णतेनेही अशीच गढूळता येते. संवेदकातील अंधारप्रवाह साधारणतः दर सहा अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. मेमधील २६ अंशांच्या रात्री तो जानेवारीतील ११ अंशांच्या रात्रीपेक्षा पाचसहापट असणार. यासाठी काम संपताच लेन्सचे झाकण लावून, तोच प्रकाशनकाल व तेच आयएसओ ठेवून पंधरावीस काळी चित्रे घ्यावीत व त्यांची सरासरी वजा करावी. ती घरी येऊन घेणे व्यर्थ आहे, कारण तापमान बदललेले असते. प्रारंभ हिवाळ्यात करणे यामुळेच श्रेयस्कर : आकाश कोरडे, कॅमेरा थंड, आणि मृगातील तेजोमेघ ६५ अंश उंचीवर. फक्त नदीकाठी दव पडते व लेन्स नकळत धुरकटते, तेव्हा दर दहा मिनिटांनी ती तपासावी. शेतमालकास व गावच्या पोलीस पाटलास आधी कल्पना द्यावी. जेथे रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी दिले जाते तेथे विजेरीचा झोत केव्हाही चित्रात येणार, हे गृहीत धरूनच एका लांब चित्राऐवजी अनेक छोटी चित्रे घ्यावीत.

अशा चित्रांचा उपयोग देखाव्यापुरता नाही. मृगातील काक्षी हा तारा २०१९ च्या अखेरीपासून मंद होत जाऊन फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. ५० मिलिमीटरच्या लेन्सने दर आठवड्यास घेतलेल्या चित्रांतील हिरव्या रंगाच्या कणांवरून, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून, हा उतार मोजता आला असता. अशा तेजस्वी ताऱ्यासाठी काल एकदोन सेकंदांचा ठेवावा व फोकस किंचित ढळवावा, म्हणजे चित्रकण तुडुंब भरून मापन बिघडत नाही. त्याच हिरव्या कणांवरून डोक्यावरच्या आकाशाची दर चौरस विकलेमागील उजळीही काढता येते. तीच लेन्स, तेच आयएसओ, तोच प्रकाशनकाल ठेवून आठही तालुक्यांतील ठरावीक जागांवरून दर हिवाळ्यात अमावास्येस एक संच घेतला, तर जिल्ह्याचे आकाश कोठे व किती वेगाने उजळते आहे याची नोंद विभागाजवळ जमा होईल. प्रत्येक संचाबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश, भारतीय प्रमाण वेळ, तापमान, ढगांची स्थिती व कॅमेऱ्याची मांडणी एका वहीत लिहावी, आणि मूळ रॉ फाइली कोणताही फेरफार न करता दोन ठिकाणी साठवून ठेवाव्यात.